आमचे चित्रपट आम्हाला नीट पाहू द्या: सांगलीहून एक खुलं पत्र

प्रति,
जुन्या मराठी चित्रपटांच्या निगेटिव्ह, प्रिंट आणि व्हिडिओ हक्क ज्यांच्या ताब्यात आहेत ते सर्व निर्माते, त्यांचे वारस, व्हिडिओ कंपन्या, तसेच महाराष्ट्र शासनाचा सांस्कृतिक कार्य विभाग

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्यापैकीच एका व्हिडिओ कंपनीला मी फोन केला होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार एकट्या तिची नाही. त्यांच्या जुन्या यादीतल्या काही मराठी चित्रपटांच्या डिस्क मला हव्या होत्या. पलीकडच्या मुलाने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, जुन्या मराठी पिक्चरच्या डिस्क आम्ही कायमच्या बंद केल्यात. त्यांचे मास्टरही आता आमच्याकडे नसतील. यूट्यूबवर आहेत की सगळे, तिथं बघा." मुलगा अदबीने बोलला, त्याचा मला राग नाही. पण ज्या चित्रपटांचे हक्क आपण विकत घेऊन ठेवले त्यांचे मास्टर, म्हणजे ज्यांवरून डिस्क काढतात त्या मूळ प्रती, जागेवर आहेत की नाहीत याचा कंपनीलाच पत्ता नसावा, हे मला मुकाट्याने सहन होत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर.

मी कोण, ते आधी सांगतो. सांगलीच्या गावभागात माझी व्हिडिओ लायब्ररी होती. एका रात्रीसाठी टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेट भाड्याने नेऊन वाड्याच्या चौकात अख्खी आळी पिक्चर बघत बसायची, त्या काळात ती सुरू झाली. पुढे सीडी आली, डीव्हीडी आली, आणि मग लोकांनी भाड्याने नेणं सोडलं तशी लायब्ररी बंद झाली. चित्रपट पाहणं आणि दाखवणं मात्र बंद झालं नाही. आम्ही काही मित्र अजूनही महिन्यातून एकदा एका शाळेच्या सभागृहात जुना मराठी चित्रपट लावतो. तिकीट नाही. निवृत्त शिक्षक येतात, मार्केट यार्डातले हमाल येतात, आजीचा हात धरून आलेली कॉलेजची मुलंही येतात. त्यामुळे पडद्यावर काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे मी लोकांच्या शेजारी बसून पाहत आलो आहे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ४५ फूट ही तिथली धोक्याची पातळी, यावरून काय ते समजा. आमच्या तळमजल्यावर लायब्ररीचं उरलंसुरलं सगळं कपाटात होतं. पाणी उतरल्यावर कपाट उघडलं तर कॅसेटच्या आतला पट्टा चिखलाने एकमेकाला चिकटून त्याचा गोळा झालेला. डिस्क धुऊन निघतील असं वाटलं होतं. साध्या पाण्याखाली धरल्या, मऊ फडक्याने मधून कडेकडे पुसल्या. काही वाचल्या. पण हलक्या दर्जाच्या ज्या डिस्क होत्या त्यांच्यावरचा छापील थर सुटला, आणि त्याच्याबरोबर खालचा चंदेरी मुलामाही पापुद्र्यासारखा हातात आला. राहिली नुसती पारदर्शक चकती. त्यातून पलीकडची भिंत दिसत होती. जो थर हातात आला त्यावरच चित्रपट होता.

त्याच पुरात आमच्या नगर वाचनालयाची पुस्तकंही भिजली. महाराष्ट्रभरातून लोकांनी पुस्तकं पाठवली, प्रकाशकांनी मदत केली, कपाटं पुन्हा भरायला लागली. पुस्तकाचं तसं होऊ शकतं. गेलेल्या पुस्तकाची दुसरी प्रत कुठे ना कुठे असते, पुण्यात कोणीतरी नवी आवृत्ती काढलेली असते, आणि ती बहुधा जुनीपेक्षा सुबक असते. मी माझ्या चित्रपटांची यादी घेऊन पुण्या-मुंबईपर्यंत फिरलो. पुस्तकांना जी सोय आहे ती चित्रपटांना नाही, हे मला तेव्हा उमगलं. आपल्या थोर चित्रपटांची धड अशी आवृत्तीच कधी निघालेली नाही. जी निघाली ती घाईची आणि काटछाटीची होती, आणि आता तीही मिळत नाही. मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. पुढचं सगळं त्याचाच तपशील.

सांगलीकराने यात एवढं मनाला लावून घ्यावं असं काय आहे, असं कोणी विचारील. 'कुंकू' घ्या. प्रभात फिल्म कंपनीचा १९३७ चा चित्रपट, दिग्दर्शक व्ही. शांताराम. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली मुलगी ते लग्न मानायला नकार देते, ही त्याची गोष्ट. ज्या कादंबरीवरून तो झाला त्या 'न पटणारी गोष्ट'चे लेखक ना. ह. आपटे मूळचे आमच्या समडोळीचे. त्याच्याही आधी, १८९९ साली, जरठ-कुमारी विवाहावर 'शारदा' नाटक लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल सांगली-हरिपूरचे. आणि देवलांच्या आधी १८४३ साली सांगलीतच विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' नाटक केलं. पुढच्या काळात आटपाडीच्या माणदेशातून गदिमा उठले आणि मराठी पडद्याला पटकथा, संवाद आणि गाणी देत राहिले. साताऱ्यात जन्मलेले श्रीराम लागू 'पिंजरा'त आणि 'सामना'त उभे राहिले. ही आमच्या घरची माणसं आहेत. त्यांचं काम आमच्या नातवंडांना धुरकट काचेतून बघावं लागतं, म्हणून लागतं मनाला.

आता तक्रारी सांगतो.

पहिली चित्राची. बाजारात आलेल्या जवळजवळ सगळ्या प्रती जुन्या व्हिडिओ टेपवरून केलेल्या आहेत. मुळात कधीतरी थिएटरमध्ये झिजलेल्या प्रिंटवरून टेप झाली, त्या टेपवरून दुसरी टेप, तीवरून व्हीसीडी, म्हणजे चित्रपटाची साधी सीडी, आणि आता त्याच व्हीसीडीवरून इंटरनेटवर. चिपाड पुन्हा पुन्हा चरकात घालून रस मागावा तसा हा प्रकार आहे. व्हीसीडीच्या एका चौकटीत साधारण १ लाख ठिपके असतात, ब्लू-रेच्या चौकटीत २० लाखांहून जास्त, आणि ३५ मिलीमीटरची बरी निगेटिव्ह त्याहूनही अधिक तपशील देऊ शकते. म्हणजे तपशील मुळात आहे, निदान होता. तो आमच्यापर्यंत पोचत नाही.

त्यात आता नवीच खोड निघाली आहे. जुने चित्रपट चौरसाकडे झुकणाऱ्या चौकटीत, साधारण ४:३ प्रमाणात चित्रित झाले. आजचा टीव्ही आडवा रुंद. दोन्ही बाजूंना काळी पट्टी दिसू नये म्हणून वरून आणि खालून चित्र कापतात, आणि त्यात चौकटीचा जवळजवळ पाव भाग जातो. दामले-फत्तेलाल यांचा १९३६ चा 'संत तुकाराम' मी अशा कापलेल्या प्रतीत पाहिला. हा चित्रपट १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या उत्तम चित्रपटांत गणला गेला होता. त्या प्रतीत तुकोबा झालेल्या विष्णुपंत पागनिसांचं कपाळ कापलं जातं. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हा विमान वर चढतं आणि खाली जमलेली माणसं मान वर करून बघतात. चौकट छाटल्यावर विमान लवकरच वरून बाहेर जातं आणि खालच्या माणसांच्या हनुवट्या जातात. त्या माणसांनी चौकटीचा इंच न् इंच विचार करून भरला होता. उजव्या कोपऱ्यात वर्षानुवर्षं चिकटवलेलं कंपनीचं बोधचिन्ह तर विचारूच नका. कोणा प्रकाशकाने गाथेच्या प्रत्येक पानावर मधोमध आपला शिक्का मारला असता तर आपण चालवून घेतलं असतं का?

दुसरी तक्रार आवाजाची. तिच्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण चित्र खराब असलं तर कोणालाही दिसतं, आवाज बिघडलेला मात्र पुष्कळांच्या लक्षातच येत नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी धावतो. आपल्याकडच्या जुन्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी लागत. प्रत करताना काळजी घेतली नाही तर चित्रपट सरळ २५ च्या वेगाने पळवला जातो. सव्वादोन तासांचा चित्रपट पाच मिनिटांहून जास्त आधी संपतो, आणि प्रत्येक स्वर अर्ध्या सुराच्या जवळपास पाऊण हिश्शाइतका वर चढतो. माझ्याकडच्या एका डिस्कवर नेमकं हेच झालं होतं. मला कळलं नव्हतं. मिरजेचे आमचे एक मित्र तंबोऱ्याच्या जवारीचं, म्हणजे तारांचा नाद जुळवण्याचं, काम करतात. त्यांनी 'कुंकू'ची नायिका शांता आपटे यांचं गाणं दोन ओळी ऐकलं आणि पेटी जवळ ओढली. पेटीची काळी पाच पट्टी लागेना, काळी चार लागेना, आवाज पट्ट्यांच्या मध्येच कुठेतरी. "बाईंचा गळा असा नाही," ते म्हणाले, "कोणीतरी ओढून वर नेलाय." ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या गावच्या माणसाला बिघडलेल्या सुरातली शांता आपटे ऐकवायची याची लाज वाटते.

आणि जिथे वेग बरोबर आहे तिथे दुसरंच दुखणं. खरखर काढायची म्हणून यंत्राने आवाज असा घासून काढतात की खरखरीबरोबर बाकीचंही जातं. 'कुंकू'मध्ये पार्श्वसंगीत नाही. प्रसंगातल्या वस्तूंचे, घरातले, रस्त्यावरचे आवाज हेच तिथलं संगीत. ती निवड मुद्दाम केलेली आहे, आणि १९३७ साली अशी निवड करायला छाती लागते. त्या चित्रपटाची खरखर घासली की पायऱ्यांवरची पावलं जातात, भांड्यांचा आवाज जातो, दोन माणसांतला अबोला ज्या बारीक आवाजांवर उभा केला आहे ते जातात, आणि राहतात फक्त संवाद. आमच्या सभागृहात एका मुलीने विचारलं होतं, "हा पिक्चर एवढा गप्प का आहे?" तिला काय उत्तर द्यायचं?

तिसरी, काटछाट. एका व्हीसीडीवर सुमारे ७४ मिनिटं मावतात. तिसरी डिस्क घालायचा खर्च वाचवण्यासाठी चित्रपट दोन डिस्कमध्ये कोंबला गेला आणि जे मावलं नाही ते गाळलं. कुठे गाण्याचं एक कडवं, कुठे अख्खा विनोदी प्रसंग. सुरुवातीची नामावली तर हमखास कापलेली असते. ही मला सगळ्यात जास्त लागते. नट-नट्यांची नावं लोकांना ठाऊक असतात. छायालेखक कोण, ध्वनिलेखक कोण, वेशभूषा कोणाची, कोल्हापूरच्या कोणत्या कारागिराने तो दरबार उभा केला, हे सांगणारी जागा तीच एक. ती मिनिट-दोन मिनिटं कापली की त्या माणसांचं नाव पुसलं जातं.

वेष्टनांवरच्या चुकांबद्दल फार लिहीत नाही. साल चुकीचं, कृष्णधवल चित्रपटाला रंगीत फोटो, भलत्याच चित्रपटातली नटी. हे सुधारायला पैसाही लागत नाही, नुसतं कोणीतरी एकदा वाचून बघायला हवं.

यूट्यूबचं म्हणाल, तर त्याचे उपकार मी नाकारत नाही. खेड्यातल्या माणसालाही फोनवर 'साधी माणसं' बघता येतो ही मोठी गोष्ट आहे. पण तिथे जे चढवलं जातं ते बहुतेक वर सांगितलेल्याच प्रतींवरून. भर अभंगात साबणाची जाहिरात येते. आणि आज असलेला चित्रपट उद्या असेलच असं नाही. आम्ही एका महिन्याचा कार्यक्रम लोकांना कळवून बसलो आणि आदल्या दिवशी तो चित्रपट तिथून काढला गेला. पैसे देऊन घेतलेल्या ओटीटी वर्गणीचंही तेच. आपल्या कपाटात ठेवता येईल, शेजाऱ्याला देता येईल, वाचनालयात मांडता येईल अशी प्रत असणं ही निराळी गोष्ट आहे, आणि आम्ही ती मागतो आहोत.

"आता मूळच शिल्लक नाही, करणार काय," असं उत्तर नेहमी मिळतं. काही बाबतीत ते खरंही आहे, आणि ते दुःख मी कमी लेखत नाही. पहिली पन्नास वर्षं चित्रपट नायट्रेटच्या फिल्मवर निघत. ती भडकन पेट घेते. २००३ च्या जानेवारीत पुण्यात अशाच साठ्याला आग लागली, त्यात प्रभातच्या जुन्या फिल्म गेल्या. नंतरच्या ॲसिटेट फिल्मला दमट हवेत व्हिनेगरसारखा आंबट वास सुटतो, ती आकसते, वाकडी होते. आणि किती प्रिंट तर त्यातली चांदी काढण्यासाठी भंगारात गेल्या. हे सगळं मान्य.

पण सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीचं, म्हणजे 'पथेर पांचाली' आणि त्याच्या पुढच्या दोन चित्रपटांचं, काय झालं ते बघा. तिच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनच्या एका लॅबच्या आगीत होरपळल्या. वितळलेले, ठिसूळ झालेले ते तुकडे कोणी फेकले नाहीत. वीसेक वर्षांनी इटलीतल्या बोलोन्याच्या तंत्रज्ञांनी ते ओलावा देऊन मऊ केले, फाटलेल्या कडा हातांनी सांधल्या, जे भागच उरले नव्हते ते जगातल्या इतर प्रिंटवरून घेतले, आणि २०१५ साली तिन्ही चित्रपट नव्याने लोकांसमोर आले. त्याच वर्षी त्यांच्या देखण्या डिस्कही निघाल्या. जळालेली निगेटिव्ह परत येते, तर आमच्या गोदामात नुसती पडून असलेली का येऊ नये?

ते परदेशातलं म्हणून सोडून द्यायचं असेल तर श्याम बेनेगलांचा 'मंथन' घ्या. १९७६ चा चित्रपट, गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये देऊन काढलेला. जुने चित्रपट जपणाऱ्या फिल्म हेरिटेज फाउंडेशन या संस्थेने त्याचं पुनरुज्जीवन केलं, चेन्नईतल्या लॅबमध्ये काम झालं, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जपलेली मूळ निगेटिव्ह उपयोगी पडली. २०२४ साली तो कान महोत्सवात दाखवला गेला आणि नंतर आपल्याकडच्या थिएटरांतही लागला. त्यात स्मिता पाटील पुन्हा जशी होती तशी दिसली. हीच स्मिता 'जैत रे जैत'मध्ये आहे, 'उंबरठा'मध्ये आहे. त्या दोन मराठी चित्रपटांतली ती आम्हाला तशी कधी दिसणार?

हक्कांची अडचण सांगितली जाते. आपल्या कायद्यात चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. म्हणजे १९५० च्या दशकापर्यंतचे सगळे चित्रपट, प्रभातचं सगळं वैभव, अत्र्यांचा 'श्यामची आई', राजा परांजपे-गदिमांचा 'लाखाची गोष्ट', पु. लं.चा 'गुळाचा गणपती', हे आता हक्कातून मोकळे आहेत. अडलंय ते मूळ फिल्म हाताशी येण्यावर. ती ज्यांच्याकडे आहे त्यांनी दार उघडल्याशिवाय मोकळ्या हक्काचा कोणाला उपयोग नाही. १९५४ च्या पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवलेला 'श्यामची आई' आज शाळेत दाखवायचा म्हटला तर शिक्षकांना आडवे पट्टे पडलेली प्रत शोधावी लागते, हे कोणालाच का टोचत नाही?

दुसरी अडचण पैशाची सांगतात. "डिस्क कोण घेणार?" मराठी प्रकाशकांनी हा प्रश्न कधीच सोडवला आहे. मोठा ग्रंथ काढायचा असला की ते प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करतात. लोक आगाऊ पैसे भरतात, किती प्रती काढायच्या ते कळतं, छपाईचा खर्च त्यातूनच उभा राहतो. कोशांचे आणि समग्र वाङ्मयाचे जाडजूड खंड या रीतीने आमच्या घराघरांत आले, हप्त्याने पैसे भरून. चित्रपटाचं हे कोणी करूनच पाहिलेलं नाही. दोन हजारांचा संच असेल तरी आगाऊ नोंदणी करणारी माणसं मी एकट्या सांगलीतून उभी करतो, आणि कोल्हापूर, सातारा, पुणे, बेळगाव इथली आमच्यासारखी मंडळी मागे राहणार नाहीत.

आणखी एका गोष्टीला तर थांबायला वेळच नाही. चांगल्या आवृत्तीत नुसता चित्रपट नसतो, तो करणाऱ्यांच्या आठवणी असतात. श्रीराम लागू २०१९ च्या डिसेंबरात गेले. रमेश देव २०२२ मध्ये, सुलोचनादीदी २०२३ च्या जूनमध्ये, सीमाताई त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. पडद्यावर आपला प्रसंग चालू आहे आणि सुलोचनादीदी शेजारी बसून सांगताहेत की हे चित्रण कसं झालं, दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी काय सूचना केली, असं ध्वनिमुद्रण एकेका चित्रपटाबरोबर सहज देता आलं असतं. आता ते कधीच होणार नाही. पण सहायक दिग्दर्शक, संकलक, कोरसमध्ये गायलेल्या बायका, रंगभूषाकार, कोल्हापूरच्या स्टुडिओतले प्रकाशयोजनेचे कामगार यांच्यातले काही जण अजून आहेत. त्यांच्याकडे उद्या जायला हवं.

मागण्या साध्या आहेत.

सगळ्यात आधी यादी. कोणत्या चित्रपटाची निगेटिव्ह, प्रिंट किंवा ध्वनिपट्टी कोणाकडे आहे आणि कोणत्या अवस्थेत आहे, हे प्रत्येक हक्कदाराने आणि शासनाने मिळून जाहीर करावं. जे गेलं आहे ते गेलं म्हणून लिहावं. लपवण्यात अर्थ नाही, उलट कोणाच्या तरी माळ्यावर ती प्रिंट असू शकते आणि यादी वाचून तो माणूस पुढे येऊ शकतो.

नव्या प्रती उपलब्ध असलेल्या सर्वोत्तम मूळ फिल्मवरूनच स्कॅन कराव्यात, जुन्या टेपवरून नाही. चौकट पूर्ण असावी, वेग २४ चाच असावा, नामावली असावी, पडद्यावर कोणाचंही चिन्ह नसावं. प्रत कशावरून केली आणि कोणतं रीळ मिळालं नाही, हे वेष्टनावर छापावं. एखादा प्रसंग फक्त खराब प्रिंटमध्येच उरला असेल तर तो तसाच घालावा. ओरखडे आम्ही सोसू, प्रसंग गाळू नका.

सबटायटल द्या, आणि इंग्रजीच्या आधी मराठी द्या. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या वडीलधाऱ्यांना आता नीट ऐकू येत नाही, त्यांना वाचून कळेल. जतच्या बाजूला घरात कानडी बोलणारी माणसं आहेत, त्यांना मराठी ऐकलेलं कळतं पण जुन्या बोलीतलं निसटतं. त्यांचाही उपयोग होईल.

प्रभातने एकच चित्रपट दोन भाषांत वेगवेगळा चित्रित केला: 'कुंकू' आणि 'दुनिया ना माने', 'माणूस' आणि 'आदमी', 'शेजारी' आणि 'पडोसी'. कलाकार काही ठिकाणी तेच, काही ठिकाणी वेगळे. हे जोडीने एका संचात यावेत, अशी माझी फार जुनी इच्छा आहे. 'शेजारी'त केशवराव दाते आणि गजानन जागीरदार समोरासमोर बसलेले पाहावेत आणि मग लगेच 'पडोसी'त तोच प्रसंग मजहर खान आणि जागीरदारांच्या हातात कसा बदलतो ते पाहावं. चित्रपट शिकणाऱ्या मुलांना याहून चांगला धडा कुठला मिळणार?

शासनाकडे स्वतंत्र मागणी आहे. केंद्राच्या राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानातून जुन्या चित्रपटांच्या जतनाला पैसा मिळतो. मराठीला २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यानिमित्ताने पुष्कळ योजना बोलल्या जातात. जो मराठी चित्रपट सार्वजनिक पैशातून दुरुस्त होईल त्याची प्रत ठरावीक मुदतीत प्रत्येक जिल्ह्याच्या मुख्य वाचनालयात पोचली पाहिजे आणि सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत विकत मिळाली पाहिजे, ही अट घाला. महोत्सवात एकदा दाखवून पुन्हा डब्यात बंद, असं नको. आणि पुस्तकांसाठी १९५४ पासून कायदा आहे, प्रकाशकाला ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत द्यावीच लागते. नव्या मराठी चित्रपटांना आपण अनुदान देता, त्या अनुदानाला तरी संग्रहासाठी उत्तम प्रत जमा करण्याची अट जोडा. म्हणजे आजच्या चित्रपटांवर पन्नास वर्षांनी अशी पत्रं लिहायची वेळ येणार नाही.

हक्कातून मोकळ्या झालेल्या चित्रपटांच्या बाबतीत, मूळ फिल्म जपणाऱ्यांनी स्कॅन करून देण्याचा दर जाहीर करावा. एखादं मंडळ, एखादं महाविद्यालय, एखादा प्रकाशक तो खर्च उचलायला तयार असेल तर त्याला विनवण्या करत हिंडावं लागू नये.

हे सगळं एका वर्षात व्हावं असं मी म्हणत नाही. येत्या दिवाळीपर्यंत निदान यादी यावी आणि एका चित्रपटाची प्रकाशनपूर्व नोंदणी सुरू व्हावी. कोणता चित्रपट, ते आपण ठरवा. मला विचाराल तर 'कुंकू'.

आमच्याकडून काय मिळेल तेही लिहितो. पूर्वी थिएटरच्या दारात चित्रपटाच्या गाण्यांच्या चोपड्या मिळत. त्यात पूर्ण नामावली, कथासार आणि सगळी गाणी कडव्यांसह छापलेली असत. आमच्या मंडळींच्या घरी अशा चोपड्या, काही भित्तिपत्रकं आणि लॉबीत लावायचे फोटो अजून आहेत, वरच्या मजल्यावर असल्याने पुरातून वाचलेले. कापलेली नामावली आणि गाळलेली कडवी पडताळून पाहायला ते कामी येतील. त्यांचं स्कॅनिंग आम्ही आमच्या खर्चाने सुरू केलं आहे. जो कोणी नीट आवृत्ती काढायला घेईल त्याला ते विनामूल्य देऊ, वेष्टनावर आमचं नाव नसलं तरी चालेल. उत्तर याच पत्रासारखं उघड द्यावं, म्हणजे इतर गावांतल्या मंडळींनाही ते वाचता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक चित्रपटप्रेमी
गावभाग, सांगली